गोळी चुकविणारे पथ्य

‘औषध चालू असेपर्यंत मद्य वर्ज्य’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येक वैद्याने व्यवसायाच्या पहिल्या आठवड्यापासून उच्चारले आहे, आणि औषधविक्रेत्या बंधूंनी बाटली कागदात गुंडाळून देताना ते तितक्याच सहजतेने पुढे पोहोचविले आहे. पथ्यापथ्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. कामलेत, अर्शात, अम्लपित्तात ते उपकारकच ठरते. कारण तेथे औषध पंधरा दिवसांचे किंवा महिन्याचे असते आणि रुग्ण तेवढा काळ कसेबसे मन आवरतो. परंतु ज्याचे औषध जन्मभराचे आहे, ज्याचे वय वीस-बावीस आहे आणि ज्याच्या मित्रमंडळीत शनिवारची ‘बैठक’ चुकत नाही, अशा एचआयव्हीसह जगणाऱ्या तरुणाच्या कानी हेच वाक्य पडले की त्याचा अर्थ फिरतो. तो मद्य वर्ज्य करीत नाही. मद्य घेतले त्या रात्री गोळी वर्ज्य करतो. ‘दोन्ही एकत्र नकोत’ एवढेच त्याने आपल्याकडून उचललेले असते. दोहोंपैकी काय सोडावयाचे, हे तो स्वतःच ठरवितो.

हा विषय एआरटी केंद्राचा आहे, आपला नव्हे, असे काही वैद्यबंधू म्हणतील. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, हा रुग्ण केंद्रावर किती वेळा जातो आणि आपल्याकडे किती वेळा येतो? केंद्रावर तो महिन्याने, प्रकृती स्थिर असल्यास दोन-तीन महिन्यांनी जातो. तेथे रांग असते, ओळखीचे कोणी दिसेल ही धास्ती असते. खोकला, अरुची, अम्लपित्त, थकवा, त्वचेवरील पुरळ यांसाठी तो गावातील वैद्याकडे येतो आणि एचआयव्हीची गोष्ट पुष्कळदा सांगतही नाही. दारूची तर मुळीच नाही.

हे तरुण कोण, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत एआरटी आपल्या देशात १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यातील आरंभीच्या केंद्रांपैकी एक. बालकांसाठीचा स्वतंत्र उपक्रम २००६ च्या नोव्हेंबर अखेरीस आला. त्या सुमारास, म्हणजे २००० च्या आगेमागे, आईकडून ज्यांना हा विषाणू मिळाला आणि औषधामुळे जी जगली, वाढली, ती मुले आता विशी-पंचविशीत आहेत. कित्येकांना आजीने किंवा मामाने वाढविले, काही संस्थांतून वाढली आणि अठरा पूर्ण होताच बाहेरच्या जगात आली. आपण रोज कशासाठी गोळी घेतो, हे अनेकांना दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत कोणी सांगितले नव्हते. ‘शक्तीची गोळी आहे’ असे सांगून वेळ मारून नेली होती. दुसरा वर्ग तारुण्यात लागण झालेल्यांचा. त्यांना वास्तव एका दिवसात कळते आणि पेलायला वर्षे लागतात. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि महाराष्ट्राचा वाटा सर्व राज्यांत मोठा, चार लाखांच्या आसपास होता. आपल्यापैकी ज्यांचे चिकित्सालय तालुक्याच्या गावी आहे त्यांच्या बाकावर यांतील कोणी ना कोणी बसलेला असतो. आपल्याला ते ठाऊक नसते इतकेच.

यांच्या मद्यपानाकडे ‘तरुणांची चैन’ म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. यांच्या आयुष्यात गोळी लपवावी लागते, दारू लपवावी लागत नाही. हळदीच्या रात्री, गावच्या जत्रेत, विसर्जनाच्या मिरवणुकीनंतर, कारखान्यात पगार झाल्यावर पेला पुढे येतो. तो नाकारला की सोबतचा हसत विचारतो, “का रे, औषध चालू आहे काय?” इतरांना ही थट्टा, याच्या दृष्टीने हाच तो प्रश्न, ज्याच्या भीतीने तो गोळ्यांची डबी सोलून तिच्यात वेलदोडे ठेवल्याचे भासवितो. अशा वेळी पेला उचलणे म्हणजे आपण इतरांसारखे धडधाकट आहोत याचा चारचौघांतला पुरावा. पुढे त्याची सवय होते, झोपेसाठी लागते, लग्नाचा विषय घरात निघाला की लागते, हा क्रम वेगळा सांगायला नको. मुलींच्या बाबतीत आपण हा प्रश्न विचारतच नाही, त्यामुळे त्यांचे मद्यपान आपल्या नोंदीत शून्य असते.

आता मूळ मुद्दा. मद्यपी रुग्ण नशेत गोळी विसरतो, हे आपण गृहीत धरतो. परंतु विसरणे हा एक भाग झाला. जाणूनबुजून टाळणे हा दुसरा, आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. सेथ कॅलिचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मद्यपान करणाऱ्या एचआयव्हीबाधितांचा पाठपुरावा करून २०१३ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच आढळले. मद्य आणि एआरटी एकत्र आल्यास विषारी परिणाम होतो अशी ज्यांची समजूत होती, त्यांच्यातील बरेच जण पिण्याच्या दिवशी गोळी मुद्दाम गाळीत होते. शरीरातून दारू पूर्ण उतरेपर्यंत थांबत होते. मुंबईतील एआरटी केंद्रांवर येणाऱ्या मद्यपी पुरुषांसाठीही त्या दशकात भारतीय व अमेरिकन संशोधकांनी मिळून मद्य कमी करण्याचा आणि औषधात सातत्य आणण्याचा प्रकल्प राबविला, तो उगाच नव्हे. अमेरिकेतील रुग्णाला ही समजूत कोठून मिळाली असेल ती असो. आपल्या रुग्णाला ती देण्यात आपल्या पथ्यवाक्याचा वाटा निश्चित आहे, असे माझे मत आहे.

समजूत खरी आहे काय? आज आपल्याकडे बहुसंख्य प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर अशी तिन्ही द्रव्ये असलेली एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते. या तिघांचा आणि मद्याचा प्रत्यक्ष असा विरोध नाही की ज्यामुळे प्यायलेल्या रात्री गोळी घेणे धोक्याचे ठरावे. अबॅकाव्हिरचे पचन मद्याचे पचन करणाऱ्या विकरानेच होते, तेथे मद्याने औषधाचे प्रमाण काहीसे वाढते. तरी त्यासाठीही डोस गाळा असे कोणी सांगत नाही. पूर्वीच्या एफाव्हिरेन्झने भोवळ येई, विचित्र स्वप्ने पडत, आणि दारूच्या अंमलात ती अधिक जाणवत. ‘गोळीवर दारू चढते’ ही बोली त्या काळातून आली असावी. क्षयप्रतिबंधासाठी आयसोनायझिड चालू असेल तर मात्र यकृताला खरा धोका आहे; तेथे मद्याबद्दलची कडक ताकीद योग्यच, आणि मळमळ, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा दिसताच विलंब न करता रुग्णाला केंद्राकडे पाठविले पाहिजे.

उलट गोळी गाळण्याची किंमत पाहा. दर शनिवार-रविवार गाळलेल्या गोळ्या महिन्याकाठी आठ होतात. रक्तातील औषध उतरते, विषाणू पुन्हा वाढू लागतो. लॅमिव्ह्युडिनला तर विषाणूच्या रचनेतील एका बदलानेच प्रतिरोध निर्माण होतो. डोल्युटेग्राव्हिर पुष्कळ चिवट आहे, पण चिवट औषधाच्या भरवशावर खंड पाडणे हा शहाणपणा नव्हे. ज्याच्या रक्तात विषाणू मोजता येत नाही इतका कमी झालेला असतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता निर्विवाद आहे. लग्नाच्या वयातील तरुणाला याहून मोठे आश्वासन कोणते? ते आश्वासन गोळीच्या सातत्यावर उभे आहे. शिवाय टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही हेपॅटायटिस बी वरचीही औषधे आहेत. ज्याला हे दोन्ही संसर्ग आहेत त्याने अनेक दिवस खंड पाडला तर यकृताचा दाह उसळू शकतो. म्हणजे ‘लिव्हर वाचावे’ म्हणून सोडलेली गोळी लिव्हरवरच उलटते.

याचा अर्थ मद्य निरुपद्रवी आहे असा कोणी काढू नये. आपल्या शास्त्राला तर ते सांगण्याचीही गरज नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मद्याचे दहा गुण आणि ओजाचे दहा गुण समोरासमोर ठेवले आहेत. लघुविरुद्ध गुरू, उष्णाविरुद्ध शीत, तीक्ष्णाविरुद्ध मृदू, रूक्षाविरुद्ध स्निग्ध, अशी ती मांडणी आहे. ज्या व्याधीला नव्वदच्या दशकापासून परिसंवादांतून ओजक्षय म्हणत आलो, त्या व्याधीच्या रुग्णाला ओजाच्या सर्व गुणांचा शत्रू किती महाग पडेल, हे वैद्याला उमजावे यासाठी वेगळ्या संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. (ओजक्षय हे नाव देऊन आपण बरीच वर्षे समाधान मानले, ओजाच्या रक्षणासाठी त्या रुग्णाच्या शनिवारचे काय करावे, हा विचार मात्र परिसंवादांत फारसा झाला नाही.) त्याच अध्यायात युक्तीने घेतलेल्या मद्याची प्रशंसाही आहे, आणि ती दाखवून पिणारेही आपल्यात आहेत. ती प्रशंसा प्रकृती, देश, काल, वय, आहार यांच्या अटींनी इतकी बांधलेली आहे की रिकाम्या पोटी ढाब्यामागे घेतलेली ‘क्वार्टर’ तिच्या कक्षेत येत नाही.

आणखी एक शब्द आपण जपून वापरला पाहिजे: प्रज्ञापराध. सिद्धांत म्हणून तो अमोल आहे. पण चिकित्सालयात तो बहुधा दोषारोप म्हणून उच्चारला जातो. ज्याला हा व्याधी गर्भातच मिळाला त्याच्या प्रज्ञेने कोणता अपराध केला? आणि ज्याला तारुण्यात मिळाला त्याला तो शब्द ऐकवून कोणता दोष शमतो? एवढे खरे की, ज्याला एकदा असे बोल ऐकावे लागले तो पुढच्या वेळी दारूबद्दल खरे सांगत नाही. मग आपण त्याचे अम्लपित्त बरे करीत बसतो आणि अम्लपित्त काही बरे होत नाही.

तेव्हा विचारावे कसे? जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली आहे; तिच्यातील पहिले तीन प्रश्न व्यस्त वैद्यालाही पुरतात. किती वेळा पितोस, पितोस त्या दिवशी साधारण किती, आणि एका बैठकीत सहा पेले किंवा त्याहून अधिक असे किती वेळा होते. चौथा प्रश्न मी माझ्यापुरता जोडला आहे: “प्यायलास त्या रात्री बाकीच्या गोळ्यांचे काय करतोस?” त्यात एचआयव्हीचे नाव नाही, तरी सांगायचे असणारा सांगतो. हे सर्व पडद्याआड, कंपाउंडर आणि सोबतचा नातेवाईक बाहेर असताना. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करणे निषिद्ध केले आहे. आपल्या चिठ्ठीवर निदानाच्या जागी काय लिहिले आहे ते दुकानातील पोऱ्याही वाचतो, हे ध्यानात ठेवावे.

आणि सांगावे काय? मद्य सोडण्याचा सल्ला द्यावाच; पण त्याच्या आधी, स्पष्ट शब्दांत, हे सांगावे की प्यायला असलास तरी गोळी घ्यायची. रात्री राहून गेली आणि सकाळी आठवली तर सकाळी घ्यायची. गोळी रात्रीच घेण्याची रीत बहुतांशी एफाव्हिरेन्झच्या काळातली, भोवळ झोपेत निघून जावी म्हणून. सध्याची गोळी दिवसाच्या कोणत्याही वेळी चालते. ज्याची संध्याकाळ मित्रांच्या ताब्यात आहे त्याने केंद्रावरील समुपदेशकाशी बोलून ती सकाळच्या चहाच्या वेळेवर आणली तर निम्मा प्रश्न तेथेच संपतो.

औषधविक्रेत्या बंधूंशी आता थोडे मोकळेपणाने बोलतो. आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यांश साधारणतः शेकडा पाच ते दहा असतो. दहा धरला तरी वीस-वीस मिलिलिटर दोन वेळा घेणाऱ्याच्या पोटात दिवसाला सुमारे सव्वातीन ग्रॅम मद्यार्क जातो. जागतिक आरोग्य संघटना ज्याला एक प्रमाण पेय धरते त्याच्या तो एक तृतीयांशही नाही. वैद्याने सांगितलेल्या मात्रेत अरिष्ट देण्याला आक्षेप घेणाऱ्यांत मी नाही. पण चारशे पन्नास मिलिलिटरच्या पूर्ण बाटलीत तोच मद्यार्क पस्तीस ग्रॅमच्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ साडेतीन पेये, आणि तीही कोणत्याही परवान्याशिवाय, ‘शक्तीचे औषध’ या नावाखाली. कडक मद्यासाठी आपल्या राज्यात पंचवीस वर्षांची वयोमर्यादा आहे. द्राक्षासवाच्या बाटलीसाठी आपला विवेक हीच मर्यादा. मृतसंजीवनी सुरा, महाद्राक्षासव अशा योगांच्या बाबतीत औषध नियमांनी मद्यांश आणि बाटलीचे आकारमान बांधून दिले, याचा अर्थ शासनालाही हे ठाऊक होते. एकच मुलगा आठवड्यात तिसऱ्यांदा तीच बाटली मागतो तेव्हा दुकानदाराला ते कळत नाही, असे मला कोणी सांगू नये. २०२३ च्या नोव्हेंबरात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात आसव म्हणून विकल्या गेलेल्या द्रवाने माणसे दगावली; त्यात मिथाइल अल्कोहोल आढळले. ते आसव नव्हतेच, पण त्याच्या बाटलीवर आपल्या शास्त्राचे नाव होते. ज्याने व्यसन सोडले आहे त्याला तर मात्रेतील अरिष्टही नको. काढा, चूर्ण, वटी, अवलेह यांपैकी पर्याय बहुतेक प्रसंगी सापडतो.

आणि भस्मांविषयी. हा मुद्दा आपल्या मंडळींत फारसा बोलला जात नाही, म्हणून थोडा थांबतो. डोल्युटेग्राव्हिर हे द्रव्य कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, जस्त यांच्याशी आतड्यात बांधले जाते आणि त्याचे शोषण घटते. आम्लनाशके घेणाऱ्याला म्हणूनच सांगतात की ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. आता मद्यपी तरुण आपल्याकडे कोणती तक्रार घेऊन येतो? छातीत जळजळ, अंगात रक्त कमी, भूक नाही. आणि आपण काय देतो? शंखभस्म, कपर्दिकभस्म, प्रवाळपंचामृत, कामदुधा, नवायस लोह, मंडूर. पहिल्या चारांत कॅल्शियम, उरलेल्या दोहोंत लोह. रात्रीच्या जेवणानंतर एआरटीची गोळी आणि तिच्यासोबत शंखवटी, अशी जोडी कित्येक घरांत चालू असेल; आणि व्हायरल लोड वाढला की दोष एकट्या दारूवर जाईल. उपाय सोपा आहे. गोळी रात्री नऊला असेल तर ही द्रव्ये सकाळी व दुपारच्या जेवणासोबत द्यावीत, संध्याकाळनंतर नकोत. गोळी सकाळी सातला असेल तर ती नऊच्या पुढे सुरू करावीत, आणि रात्रीची मात्रा निजण्याच्या फार आधी संपवावी. आम्लपित्तासाठी अविपत्तिकर चूर्ण, यष्टिमधू, आमलकी यांवर भागत असेल तर त्याहून उत्तम. पारदयुक्त रसकल्पांबाबत मी अधिक कडक आहे: टेनोफोव्हिर घेणाऱ्याच्या वृक्कांवर केंद्र लक्ष ठेवून असते, त्या कामात आपण अडथळा आणू नये.

एआरटी थांबवून आमचे रसायन घ्या, असे सांगणारे अजूनही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये एड्सचे नाव आहे. तो बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाच्या नावे करता येत नाही. त्यांच्याशी या लेखात वाद घालण्याची माझी इच्छा नाही.

मद्य सोडविण्याच्या कामात मात्र आपल्याला हक्काची जागा आहे. अहितकर सवय एकदम न सोडता पावपावाने सोडावी हा चरकाचा पादांशिक क्रम अनेक तरुणांना पटतो, कारण ‘आजपासून बंद’ ही शपथ त्यांनी दहा वेळा मोडलेली असते. ज्याला शनिवारी चार पेले लागतात त्याला तीनवर आणणे वैद्याला जमते. पण जो रोज सकाळी हात थरथरतात म्हणून पितो, त्याचे प्रकरण वेगळे. त्याची दारू एकाएकी तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडी, भ्रम, प्रलाप उद्भवू शकतात आणि ते प्राणावर बेतते. त्याला रुग्णालयात किंवा व्यसनमुक्ती केंद्रातच पाठवावे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे. शासनाची व्यसनमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ वर आणि एचआयव्हीविषयक सेवा १०९७ वर आहे. पाठविताना एआरटीच्या गोळ्या त्याच्या पिशवीत गेल्या की नाहीत, हे विचारून घ्यावे. दाखल होण्याच्या धांदलीत त्या घरी राहतात, आणि घरून कोणाकडून मागवायच्या तर तोच जुना प्रश्न उभा राहतो.

आपल्या अनेकांच्या चिठ्ठ्यांवर तळाशी पथ्याची ओळ छापलेली असते: मद्य, मांस, आंबट, तेलकट वर्ज्य. पुढच्या छपाईच्या वेळी तिच्याखाली आणखी एक ओळ घालावी, अशी सूचना मी आपल्या संघटनेच्या कार्यकारिणीला करीत आहे: ‘इतर डॉक्टरांची कायमची औषधे कोणत्याही कारणाने चुकवू नयेत, पथ्य मोडले असल्यास तरीही घ्यावीत.’ तीत कोणत्याही रोगाचे नाव नाही. ती मधुमेह्यालाही चालेल, फेपरेवाल्यालाही. औषधविक्रेत्यांनी हीच ओळ आसवांच्या कपाटाजवळ लावली, तर तिचा मजकूर कार्यकारिणीने एकदा पाहून द्यावा, म्हणजे सर्वत्र तो एकच राहील.